शाहिराची चोपडी आणि रॅपरची सीडी
(सावर्डे येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आजचा विषय वाचून काही जणांना वाटलं असेल, सावर्ड्यात बसून रस्त्यावर सीडी विकणाऱ्या रॅपरचं काय घेऊन बसलात? रॅप मुंबईत, पुण्यात. सीडी तर आता कुठेच नाही. शंका रास्त आहे. पण हा प्रश्न आपल्याच अंगणातला आहे. आपलं गाणं आपण लिहिलं, आपण गायलं, मग ते स्वतःच्या हाताने, अनोळखी माणसाच्या तोंडाकडे बघून विकलं, तर त्या गाण्याचं काय होतं? आणि तसं विकणं बंद झालं की काय होतं? आज मला एवढंच बोलायचं आहे.

आधी तिकडची गोष्ट सांगतो, कारण ती तिथे ठळकपणे घडली.

अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये ओकलंड नावाचं शहर आहे. तिथे १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला टू शॉर्ट नावाचा एक पोरगा आपल्या मित्राबरोबर, फ्रेडी बी त्याचं नाव, घरी कॅसेटी भरायचा आणि रस्त्यावर विकायचा. कुठली कंपनी नाही, रेडिओ नाही. गंमत अशी की ही मुलं ऑर्डर घेऊन गाणी करायची. तुमचं नाव, तुमची गाडी, तुमचा मोहल्ला घालून तुमच्यावर रॅप करून देतो, एवढे पैसे द्या. आपल्याकडे एखादा शाहीर मागणीप्रमाणे पोवाडा रचून देतो, त्यातलाच हा प्रकार. गिऱ्हाईकं कोण? बऱ्याचदा गल्लीतले गर्द विकणारे, कारण खिशात पैसा त्यांच्याच असायचा. टू शॉर्टला मोठी कंपनी मिळाली ती दशक संपता संपता. तोपर्यंत त्याचा श्रोता तयार झालेला होता, आणि तो त्याने एकेक करून, हातोहात मिळवला होता.

दुसरी गोष्ट अलीकडची. लॉस एंजेलिसचा निप्सी हसल. ऑक्टोबर २०१३ मध्ये त्याने 'क्रेनशॉ' हा संग्रह काढला. क्रेनशॉ हा त्याच्या वस्तीतला रस्ता. संग्रह इंटरनेटवर फुकट ठेवला आणि त्याच वेळी सीडीच्या १००० प्रती काढल्या, किंमत प्रत्येकी १०० डॉलर. तेव्हाच्या हिशोबाने साधारण सहा हजार रुपये. जे फुकट मिळतंय त्याला सहा हजार कोण देईल? पण त्या प्रती संपल्या. त्यातल्या शंभर एकट्या जे-झीने घेतल्या, आणि जे-झीने स्वतःही सुरुवातीला गाडीच्या डिकीत सीडी ठेवून विकल्या होत्या.

आता समीक्षक म्हणून मला विचारायचं आहे की त्या माणसांनी नेमकं काय विकत घेतलं. गाणं तर नाही, गाणं फुकट होतं. त्यांनी एक बाजू घेतली. या माणसाचं गाणं चालू राहावं आणि ते मी चालू ठेवलं असं मला म्हणता यावं, त्याचे ते पैसे होते. हे दान म्हणता येत नाही, कारण हातात वस्तू आली. आणि नुसता सौदाही म्हणता येत नाही, कारण वस्तूची बाजारभावाने किंमत शून्य होती. दोन्हींच्या मधलं काहीतरी आहे, आणि आपल्या भाषेत त्याला नेमका शब्द नाही. शब्द नसला तरी व्यवहार आपल्याकडे होता.

मराठी रॅपर पेठेत उभा राहून सीडी विकतोय हे चित्र आपल्याकडे सहसा दिसत नाही. कारण सरळ आहे. रॅप आपल्याकडे गल्लीबोळात पोचला तेव्हा सीडी मरायला टेकली होती. नेझीचं 'आफत' आलं २०१४ मध्ये. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा फुकट झाला, आणि एसटी स्टँडजवळचे कॅसेट-सीडीचे स्टॉल मोबाइलच्या काचा आणि कव्हरं विकायला लागले. फेब्रुवारी २०१९ मध्ये 'गली बॉय' चित्रपट आला, आणि त्याच महिन्यात स्पॉटिफाय भारतात सुरू झालं. म्हणजे आपला रॅपर जन्मला तोच फोनमध्ये. हातोहात विकण्याची पायरी त्याच्या वाट्याला आलीच नाही.

पण ही पायरी आपल्या शाहिराने ओलांडलेली आहे. १९३० च्या दशकात नाशिकचे भीमराव कर्डक जलसा घेऊन फिरत होते. १९४४ मध्ये अण्णाभाऊ साठे, अमरशेख, गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. पुढे वामनदादा कर्डक आयुष्यभर गावोगाव गात हिंडले. या सगळ्या परंपरेत गाण्याच्या पातळ चोपड्या निघत आल्या. स्वस्त कागद, पिना मारलेल्या, किंमत अगदी किरकोळ. कार्यक्रम संपला की त्या तिथेच विकायच्या. आजही ६ डिसेंबरला दादरला चैत्यभूमीवर किंवा नागपूरला दीक्षाभूमीवर गेलात तर पुस्तकांच्या शेजारी गाण्यांच्या चोपड्या, कॅसेटी, पुढे सीडी, असे स्टॉल ओळीने लागत आलेले दिसतील. लाखो माणसं येतात, आणि त्यांच्यातला रोजंदारीवर जगणारा माणूसही जाताना काहीतरी छापील, काहीतरी गाण्याचं घेऊन जातो. ओकलंडचा रस्ता हवा असेल तर आपला रस्ता हा आहे, आणि तो ओकलंडपेक्षा जुना आहे.

आणि कोकणाचं काय? तुम्ही सगळे जाखडी बघत मोठे झालात. मधे शाहीर आणि ढोलकीवाला बसलेले, भोवती घुंगरं बांधून पोरं फेर धरतात. एक बाजू शक्तीवाल्यांची, एक तुरेवाल्यांची. गण होतो, गवळण होते, आणि मग खरी मजा, सवाल-जवाब. समोरच्या शाहिराने टाकलेला पेच तिथल्या तिथे यमकात सोडवायचा, आणि उलट त्यालाच पेचात पकडायचं. रॅपमध्ये याला बॅटल म्हणतात आणि लोक ते अमेरिकेतून आलं समजतात. आपल्या पोस्टरवर त्याचं नाव कधीपासून छापलेलं असतं, 'शक्ती-तुऱ्याचा जंगी सामना'. परळच्या दामोदर नाट्यगृहात चाकरमान्यांनी तिकीट काढून हे सामने बघितले, आणि गावच्या देवळासाठी, शाळेसाठी पैसा उभा केला. पुढे त्याच शाहिरांच्या कॅसेटी, व्हीसीडी आल्या, आणि गणपतीला गावी येताना माणसं त्या घेऊन आली. त्यामुळे कोकणातल्या पोराला रॅप परका वाटायचं काही कारण नाही. परका आहे तो त्याचा बाजार.

आता मुद्द्यावर येतो. आपल्याकडे गाणाऱ्याला पैसा तीन वाटांनी येतो, आणि प्रत्येक वाटेने येणारा पैसा गाण्याला वेगळं वळण देतो.

पहिली वाट दानाची. पहाटे वासुदेव येतो, आपण सुपात धान्य घालतो. गाणं चांगलं झालं की वाईट, हा विचार त्यात नसतो. दान देणाऱ्याला पुण्य हवं असतं. म्हणून वासुदेवाचं गाणं पिढ्यान् पिढ्या तेच राहू शकतं. त्याला बदलायची गरज पडत नाही आणि बदलायची मुभाही नसते.

दुसरी वाट सुपारीची. मंडळाने, पुढाऱ्याने, वाढदिवसाच्या समितीने कार्यक्रम ठरवला, रक्कम ठरली. इथे गाणं चांगलं लागतं, पण एकाला आवडलं की पुरतं. आणि तो एक म्हणजे ज्याचा फोटो बॅनरवर सगळ्यात मोठा आहे तो. (हशा) हसू नका, ही गंभीर गोष्ट आहे. आज आपल्या भागात एखादा मुलगा बरा रॅप करायला लागला की पहिलं काम त्याला काय मिळतं? निवडणुकीचं गाणं, नाहीतर दादांच्या वाढदिवसाचं गाणं. पैसे रोख मिळतात, नाही म्हणवत नाही. पण शब्द कोणाचे झाले?

तिसरी वाट किमतीची. चोपडी दहा रुपयांची, कॅसेट तीस रुपयांची. इथे कोणी एक मालक नाही. शंभर माणसं दहा-दहा रुपये देतात आणि त्यातल्या कोणा एकाला खूश केलं नाही तरी चालतं. त्याच वेळी प्रत्येकाला 'नको' म्हणायचा अधिकार असतो, आणि तो ते तोंडावर म्हणतो. माझ्या मते रस्त्यावरच्या विक्रीची खरी कमाई हा नकार आहे. गाणाऱ्याला समजतं की कुठल्या ओळीला माणूस थांबला आणि कुठे त्याने चपलेत पाय घातले. हे कुठल्याही परीक्षकापेक्षा अचूक असतं, आणि ताबडतोब असतं.

याचीही एक खोट आहे आणि ती झाकून ठेवायची नाही. टू शॉर्टने गिऱ्हाईकाच्या फर्माईशीवर गाणी केली आणि गिऱ्हाईक गर्द विकणारं होतं. पुढे त्याच्या गाण्यात बायकांविषयी जी भाषा आली, जो पैशाचा तोरा आला, त्याला फक्त कंपनी जबाबदार नाही, तो रस्ताही आहे. रस्ता माणसाला स्वतंत्र करतो, पण आपोआप शहाणा करत नाही. आपल्या चोपडीवाल्या शाहिराचा फरक हा की त्याचा रस्ता एका चळवळीचा रस्ता होता. घेणाऱ्याला गाण्यातून काहीतरी व्हायचं होतं. त्यामुळे त्याने शाहिराकडून स्वतःची स्तुती मागितली नाही.

आता फोनकडे या. फोनवर तुमचं गाणं कोणीही ऐकू शकतं, हे खरं आहे आणि मोठं आहे. पण पैशाची वाट बघा. यूट्यूबवर जाहिरातीचा वाटा मिळवायचा तर आधी १००० सबस्क्रायबर हवेत, आणि वर्षभरात ४००० तास लोकांनी तुमचे व्हिडिओ बघितलेले हवेत, किंवा शॉर्ट्स असतील तर ९० दिवसांत एक कोटी वेळा. स्पॉटिफायने २०२४ पासून नियम केला की एखादं गाणं वर्षभरात १००० वेळा ऐकलं गेलं नाही तर त्या गाण्याला काहीच मिळणार नाही. आता विचार करा. इथल्या एखाद्या मुलीचं गाणं ९०० वेळा ऐकलं गेलं. चिपळूण तालुक्यात ९०० वेळा म्हणजे काय थोडं झालं? तीच ९०० माणसं चोपडीच्या स्टॉलवर दहा-दहा रुपये देऊन गेली असती तर नऊ हजार रुपये झाले असते. फोनच्या हिशोबात ते शून्य. ही दानाची वाट नाही, सुपारीची नाही, किमतीचीही नाही. ही चौथी वाट आहे, आणि तिच्यावर श्रोता पैसे देतो, आपला वेळही देतो, पण ते गाणाऱ्याला देत नाही.

कडूबाई खरात यांचं उदाहरण घ्या. छत्रपती संभाजीनगरच्या. हातात एकतारी घेऊन वस्त्यांतून, दारोदार भीमगीतं गात त्यांनी घर चालवलं. मग कोणीतरी फोनवर त्यांचं गाणं टिपलं, ते पसरलं, आणि त्या महाराष्ट्राला माहीत झाल्या. फोनने त्यांचं भलं केलं, त्यांना मंच मिळाला, हे मान्यच करायला हवं. पण तो आवाज घडला कुठे? दारात. ऐकणारी बाई उंबऱ्यात उभी आहे आणि तिला थांबवायचं आहे, या गरजेतून तो आवाज इतका थेट झाला. फोनने तो लोकांपर्यंत नेला, पण फोनने तो घडवला नाही. आजचा मुलगा पहिल्या दिवसापासून फोनसाठीच गातो. त्याचा आवाज कुठे घडणार, ही माझी खरी काळजी आहे.

दोन चित्रपट शेजारी ठेवून बघा, म्हणजे फरक कळेल. 'गली बॉय'मध्ये मुराद धारावीचा आहे, गरीब आहे, त्याचा राग खरा आहे. चित्रपट उत्तम बांधलेला आहे. पण त्याचा श्रोता कसा भेटतो? व्हिडिओ चढतो, खालचे आकडे वाढतात, लोक कमेंट लिहितात, आणि शेवटी एक स्पर्धा, जिचं बक्षीस म्हणजे अमेरिकन रॅपरच्या कार्यक्रमाआधी गायची संधी. गल्ली शीर्षकात आहे, गल्लीतला माणूस टाळ्या वाजवायला आहे, पण त्याने काही घ्यायचं किंवा नाकारायचं, असा प्रसंग मध्यवर्ती नाही. न्याय करणारे लोक वरचे आहेत.

आता चैतन्य ताम्हाणेचा 'कोर्ट' घ्या, २०१४ चा. त्यातले शाहीर नारायण कांबळे, म्हणजे वीरा साथीदार, वस्तीत छोट्या मंचावर गातात. समोर रोजचीच माणसं. त्या गाण्यामुळे एका सफाई कामगाराने आत्महत्या केली असा खटला त्यांच्यावर भरला जातो. मला त्यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. जामिनावर सुटल्यावर पुन्हा अटक होते तेव्हा ते असतात छापखान्यात. दिग्दर्शकाला ठाऊक आहे की शाहीर मंचावरून उतरला की छापखान्यात जातो, कारण गाणं लोकांच्या हातात द्यायचं असतं. एका चित्रपटात गाणाऱ्याचं यश आकड्यात मोजलं जातं, दुसऱ्यात गाणाऱ्याचं काम कागदावर उतरतं. मराठी रॅपने 'गली बॉय' बघून धडे घेतले. 'कोर्ट' बघून घेतले असते तर आज वेगळं चित्र दिसलं असतं, असं माझं मत आहे.

इथे तुम्ही म्हणाल, रस्त्याचं फार कौतुक चाललंय. बरोबर आहे, तेव्हा दुसरी बाजूही सांगतो. न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये सीडीवाले पर्यटकाच्या हातात सीडी कोंबतात, नाव विचारून त्यावर सही करतात, आणि मग चार जण घेरून पैसे मागतात. ती विक्री नव्हे, ती दमदाटी झाली. आपल्याकडे रस्त्यावर वाजवायला पोलिसांची परवानगी लागते, जागेवरून भांडणं होतात, आणि मुलगी एकटी पेठेत उभी राहून आपलं गाणं विकायला लागली तर गाव काय बोलेल हे मी सांगायला नको. कडूबाईंनी ते सोसलं म्हणून सगळ्यांनी सोसावं, असं म्हणायचा कोणालाही अधिकार नाही.

आणि फोनवर तरी कुठे मोकळं रान आहे? एप्रिल २०२३ मध्ये राज मुंगासे आणि उमेश खाडे या दोन तरुण रॅपरांवर राजकीय गाण्यांमुळे गुन्हे दाखल झाले. गाणी लाखोंनी ऐकली होती. पण ऐकणारे लाखो आणि पाठीशी उभे राहणारे, यांत फरक असतो. ज्याने दहा रुपये मोजून चोपडी घेतली आहे तो त्या शाहिराला थोडा तरी आपला समजतो. ज्याच्या समोर गाणं आपोआप आलं आणि आपोआप सरकलं, त्याने का समजावं?

मग करायचं काय? रस्ते बदलले आहेत. महामार्ग चौपदरी होतोय, पूर्वी गाड्या जिथे थांबायच्या तिथून आता सुसाट जातात. २०२३ च्या अखेरीस दामोदर नाट्यगृहही पुनर्विकासासाठी बंद झालं. म्हणजे चाकरमान्याचा मुंबईतला मंच गेला, आणि गावचा रस्ता वेगाचा झाला. सीडी परत येणार नाही, आणि यावी असंही मला वाटत नाही.

पण बघा, या सावर्ड्यात सह्याद्रीचं चित्रकला महाविद्यालय आहे. तिथल्या मुलांना कोणी विचारत नाही की तुझ्या चित्राला व्ह्यूज किती. ती मुलं चित्र लावतात, शेजारी उभी राहतात, येणारा बघतो, विचारतो, घेतो किंवा पुढे जातो. चित्र काढणाऱ्याला ही शिस्त आहे. मग गाणाऱ्याला का नसावी? दहा गाण्यांची चोपडी छापायला आज फारसा खर्च नाही. मुखपृष्ठ याच गावातला चित्रकार करील. मागच्या पानावर क्यूआर कोड टाका, एक गाणं ऐकायचा, एक पैसे द्यायचा. गणपतीत जाखडीच्या फेराशेजारी उभे राहा. शिमग्यात पालखी नाचून झाली की उभे राहा. आणि शक्ती-तुऱ्याच्या एखाद्या शाहिराला सांगा, बुवा, एक सवाल टाका, आम्ही आमच्या पद्धतीने जवाब देतो. हराल. नक्की हराल पहिल्यांदा. (हशा) पण त्या हरण्यात तुम्हाला कळेल की कुठला शब्द लोकांना लागला आणि कुठला नुसताच इंग्रजीतून उचलला होता.

मला मराठी रॅपमध्ये आज सगळ्यात मोठी उणीव ही दिसते. ताल पक्का आहे, रेकॉर्डिंग चांगलं आहे, राग आहे. पण कोणाशी बोलतोय ते ऐकू येत नाही. गाणी 'माझे दुश्मन', 'मला जळणारे' यांना उद्देशून असतात, आणि तो दुश्मन कोण याचा पत्ता नसतो. मुंबईच्या स्वदेशी गटाने आरेच्या प्रकाश भोईर यांना बरोबर घेऊन वारली बंडावर गाणं केलं तेव्हा हा दोष एकदम गेला. कारण जंगल कुठलं, माणसं कुठली, विरोध कशाला, सगळं ठरलेलं होतं, आणि गाणाऱ्याच्या शेजारी ते भोगणारा माणूस उभा होता. श्रोता समोर असला की भाषा नेमकी होते. मग तो आरेतला पाडा असो की चिपळूणचा बाजार.

म्हणून तुमच्यापैकी जे लिहितात, रॅप करतात, त्यांना एकच सांगणं आहे. पुढचं गाणं चढवायच्या आधी ते कागदावर छापा आणि आपल्या पेठेतल्या पाच ओळखीच्या, पाच अनोळखी माणसांना दहा रुपयांना विकून बघा. फुकट देऊ नका, फुकट दिलेलं कोणी नाकारत नाही. किती जण घेतात ते मोजा, आणि जे घेत नाहीत त्यांना कारण विचारा. मग गाणं दुरुस्त करा आणि खुशाल फोनवर टाका.

मी थांबतो. प्रश्न असतील तर विचारा. जाखडीवाले कोणी आले असतील तर त्यांनी आधी विचारावं.